खरं वय

लाळ्या-खुरकूत आधी ओढ्यापलीकडच्या गोठ्यात दिसला, दोन दिवसांनी अलीकडे आला, आणि तिसऱ्या दिवशी डेअरीवाल्यानं दाराला कुलूप घालून बाहेर पाटी टांगली. चाळीस दिवस दूध घेतलं जाणार नाही.

गोठेवालीनं पाटी दोनदा वाचली. भरलेले दोन्ही कॅन पुन्हा सायकलला अडकवले आणि सायकल ढकलत घरी आणली. सहा गायी होत्या तिच्या. सहाही जणींच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती, आणि उभं राहणं नको झाल्यासारख्या त्या एकेक पाय उचलून झटकत होत्या. तरी धार काढावीच लागायची, नाहीतर सड सुजतात. म्हणजे काढायचं आणि ओतून द्यायचं. दोन्ही वेळा ती आपल्याच हातानं काढलेलं दूध आपल्याच हातानं मागच्या खड्ड्यात ओतायची. ओतताना तोंड दुसरीकडे करायची.

घरात माणसं तीनच. ती, तिचा नवरा आणि लेक. नवरा चारा कापायचा, गोठा धुवायचा आणि उरलेल्या वेळात लोकांना हसवायचा. लेक पंधरा वर्षांची. पण गेल्या वर्षभरात पोरीनं अशी काही उंची घेतली होती, की बापाच्या डोक्यावरून तिला पलीकडचं दिसायचं. गोठ्याच्या आढ्याला दोर बांधायचा तर तिला पाट लागायचा नाही. शाळेत तिला ‘शिडी’ म्हणायचे. बाप म्हणायचा, “आपलं बरंय, शिडी विकत आणायचा खर्च वाचला.” ती हसायची, पण रस्त्यानं चालताना खांदे आत ओढून, पाठीला पोक काढून चालायची.

त्या आठवड्यात सगळ्यात लहान वासरू गेलं. वीस दिवसांचं होतं, कपाळावर एकच पांढरा ठिपका, म्हणून ठिपकी. लेकीनं ते दुपारभर मांडीवर घेतलं होतं. बाटलीनं दूध पाजायला बघत होती, पण दूध एका बाजूनं आत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर यायचं. वासरू थंड झालं तेव्हा बाप फावडं घेऊन आला. तिनं फावडं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि कुंपणामागं खड्डा एकटीनं खणला. तळहाताला फोड आले तरी थांबली नाही.

आणि त्यानंतर चौथ्या दिवशी कॅमेरेवाली बाई आली.

पाण्याच्या दोन बादल्या घेऊन लेक रस्त्यानं येत होती. मागून एक मोटार आली, पुढं गेली, थांबली आणि मागं आली. मोटारीतून उतरलेली, गळ्यात कॅमेरा अडकवलेली बाई पोरीच्या मागोमाग थेट अंगणात शिरली. नवऱ्यानं तिला फाटकातच अडवलं.

“आधी बूट बुडवा,” तो म्हणाला. फाटकाशी जांभळ्या औषधाची परात ठेवलेली होती. “आमच्याकडे पाहुण्यांचे पाय असेच धुतात सध्या.”

बाईनं हसत महागडे बूट जांभळ्या पाण्यात बुडवले. रागावली नाही. गोठेवालीला ते आवडलं. नंतर पुष्कळदा तिच्या मनात आलं, की त्या एका हसण्यानंच आपण फसलो.

बाईनं पिशवीतून टेप काढला. उंची मोजली, कंबर मोजली, मांडीपासून टाचेपर्यंत पाय मोजला. आकडे फोनमध्ये बोलून ठेवले. मग दोन बोटांनी पोरीची हनुवटी वर केली. “दात दाखव. वळ. आता चाल. परत ये.”

जनावर घ्यायला येणारे दलाल असंच बघतात. गोठेवालीनं असे दलाल जन्मभर बघितले होते, आणि एखादा जास्त चाचपायला लागला तर “हात आवरा” असं म्हणायला ती कधी कचरली नव्हती. आज ती काहीच बोलली नाही. कारण अंगणातून चालताना पोरीचे खांदे हळूहळू मागं गेले, मान वर झाली, आणि वर्षभरात पहिल्यांदा ती आपल्या पुऱ्या उंचीनं उभी राहिली.

“तुम्हाला कल्पना नाही,” बाई म्हणाली, “तुमच्या घरात काय वाढतंय याची.”

बाई त्या आठवड्यात तीनदा आली. परदेशात मोठमोठ्या कपडेवाल्यांना अशाच मुली लागतात, असं तिनं सांगितलं. तीन महिन्यांचा हंगाम. राहायला खोली, बरोबर पाच-सहा मुली, देखभालीला एक ताई. शाळा काय, परत येऊन होते.

“वय काय हिचं?”

“पंधरा. चार महिन्यांनी सोळा पूर्ण होतील.”

“अठरा लिहू. तिकडचा नियम आहे. नुसतं कागदावर हो. सगळ्याच लिहितात.”

“पण शाळेत पंधरा लावलंय.”

“शाळेला कोण विचारतंय? जन्माची नोंद सापडत नाही आणि मुलगी अठरा पूर्ण आहे, एवढं आईनं लिहून दिलं की झालं.”

नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं लेकीकडे. लेक ओठ आत घेऊन उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत इतकी आशा होती की तिकडे बघवेना. मोटारीच्या बॉनेटवर कागद पसरला होता. गोठेवालीचा हात सहीच्या जागेवर थबकला खरा, पण थबकला तेवढाच. शाईचं पेन तिच्या हाताचा शेणाचा वास घेऊन परत गेलं.

लेक गेली त्या दिवशी बापानं सगळ्या गावाला निरोप द्यायला बोलावलं. शिडी म्हणणारी पोरंही आली होती. पोरगी गाडीत बसली तेव्हा तिचे गुडघे पुढच्या सीटला लागत होते.

सुरुवातीला दर रविवारी फोन यायचा आणि संपता संपायचा नाही. विमानातून ढग खाली दिसतात. इथं जिना नाहीच, पेटीत उभं राहायचं आणि पेटी वर जाते. मला एवढे उंच बूट घालून चालायला शिकवलं, आई, मी दोनदा पडले. आईला दिवसभर पुरेल एवढं हसू त्या फोनात असायचं.

मग फोन आखूड झाले.

“जेवलीस?”

“हो.”

“काय जेवलीस?”

“जेवले ना. ठीक आहे सगळं.”

“झोप होते?”

“ठीक आहे.”

पाचव्या आठवड्यात फोटो आला. नवऱ्यानं तो चहाच्या टपरीवर प्रत्येकाला दाखवला, पार त्याच्या फोनची बॅटरी संपेपर्यंत. घरी येऊन त्यानं तो बायकोपुढे धरला. फोटोतल्या बाईचे डोळे काळ्या रंगानं खोल केले होते. ती तीस वर्षांची वाटत होती. गळ्याखालच्या हाडांत पाणी ओतलं असतं तर तिथंच साचून राहिलं असतं.

“बारीक झालीय,” गोठेवाली म्हणाली.

“तिकडे तसंच लागतं.”

“हे तसं नाही हो. हे पोट आत गेलेलं आहे.”

“तुला सगळीकडे गायच दिसते,” नवरा म्हणाला. पण त्यानंही पुन्हा तो फोटो टपरीवर नेला नाही.

सातव्या रविवारी फोन आला तेव्हा ती गोठ्यात होती. चाळीस दिवस सरून डेअरी उघडली होती, गायींचे खूर भरून आले होते, आणि ती एकीच्या पायाला शेवटचं मलम लावत होती. फोन खांदा आणि कानामध्ये धरून ती बोलत होती. पलीकडे लेकीच्या श्वासाच्या मागं आणखी कुणीतरी असल्यासारखं वाटत होतं. बुटांचा आवाज, मग थांबलेला आवाज.

“कशी आहेस गं?”

“मी मजेत. सगळे खूप चांगले आहेत इथं.” धडा म्हणून दाखवावा तसं ती बोलली. आणि मग म्हणाली, “आई, ठिपकी कशी आहे? दूध पिते का नीट?”

अगं, ती तर… असं म्हणायला गोठेवालीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मलमाचा डबा तिच्या हातातून खाली ठेवला गेला. ज्या पोरीनं हाताला फोड येईपर्यंत खड्डा खणला, ती विसरेल?

“नाही गं,” ती सावकाश म्हणाली. “पीत नाही. अगदी खंगलीय.”



“दुसऱ्यांच्या गोठ्यात आहे ना ती,” लेक म्हणाली. “तिथं नाही पिणार ती. तिला घरी आण.”

“आणते. मी स्वतः जाऊन आणते. तू काळजी करू नको.”

“लवकर आण हं,” असं म्हणेपर्यंत फोन बंद झाला.

नवरा दारात उभा होता. “काय म्हणते?”

“आपल्या पोरीला तिथं कुणी बोलू देत नाही,” गोठेवाली म्हणाली. ती गव्हाणीच्या कडेवर बसली. नवऱ्याला सगळं दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा तो कायमचा थट्टेचा भाव गेला, आणि तो भाव गेल्यावर तो किती म्हातारा दिसतो हे तिला त्या दिवशी कळलं.

कॅमेरेवाल्या बाईला फोन लावला. तिनं पाचव्या वेळी उचलला. हसली, पूर्वीसारखीच.

“पहिल्यांदा घराबाहेर पडलेल्या मुली रडतातच हो. महिन्याभरात रुळेल.”

“आम्हाला परत हवी आहे ती.”

“करार तीन हंगामांचा आहे. विमानाचं भाडं, खोलीचं भाडं, फोटोंचा खर्च, सगळं तिच्या नावावर चढलंय. ते फिटल्याशिवाय कशी सोडणार? तुम्हीच सही केली आहे.”

“तीन महिने म्हणाला होतात तुम्ही.”

“कागद वाचायचा असतो, ताई. आणि आणखी एक. मुलगी अठराची आहे असं तुम्हीच लिहून दिलंय. अठराची मुलगी स्वतःची मालक असते. तिनं सांगू दे जायचं आहे म्हणून.”

फोन ठेवल्यावर गोठेवाली अंगणात तशीच उभी राहिली. मग सोमवारी सकाळी धार काढून तिनं हात धुतले, कपडे बदलले आणि शाळेत गेली.

शाळेच्या मोठ्या बाई हजेरीची पानं तपासत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कपाटातून जुनं, कोपरे कुरतडलेलं दाखल्यांचं रजिस्टर काढलं. पानं उलटत एका ओळीवर बोट ठेवलं. जन्मतारीख होती. खाली बापाची सही होती, नऊ वर्षांपूर्वीची.

“हे घेऊन मोठ्या ऑफिसात जाऊ,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मी येते बरोबर.”

“तुम्ही कशाला, बाई? चूक माझी.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. “सात आठवडे माझ्या वर्गातल्या एका नावापुढे गैरहजर, गैरहजर असं मी लिहीत होते. कुठं गेली, एवढंसुद्धा विचारायला तुमच्या दारात आले नाही. चला.”

शहरातल्या मोठ्या ऑफिसात तिघं पहिल्या दिवशी सकाळी नऊला गेली आणि पाचला बाहेर आली. कारकून म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. दुसऱ्या दिवशी कारकून म्हणाला, हे खातं वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यानं खाली पाठवलं. बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईनं नाकाला रुमाल लावला आणि सरकून बसली. गोठेवालीनं पहाटेची धार काढून, अंग घासून, धुतलेले कपडे घातले होते. तरी गोठा केसांत राहतोच. तिनं हात मांडीखाली घेतले.

तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई कारकुनाच्या टेबलापाशी गेल्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, “एका पंधरा वर्षांच्या मुलीला परदेशात डांबून ठेवलंय, आणि तुम्ही आम्हाला जिने चढायला लावताय. तुमचं नाव काय? मला लिहून घ्यायचं आहे.”

पाच मिनिटांत तिघं आत होती.

आत एक मॅडम होती, केस बारीक कापलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एक शाळेचा, एक बॉनेटवर सही केलेला. त्याची प्रत तिनं पासपोर्टच्या खात्याकडून तिथल्या तिथं मागवून घेतली होती.

“एकावर पंधरा, एकावर अठरा,” ती म्हणाली. “यातला एक खोटा आहे.”

“अठराचा.”

“तो तुम्ही शपथेवर दिलाय. म्हणजे मी आज कारवाई सुरू केली तर पहिलं नाव तुमचं लिहावं लागेल. त्या बाईचं दुसरं. समजतंय ना, मी काय म्हणते ते?”

नवऱ्यानं हळूच तिची बाही ओढली. “आपण… आपण म्हणू ना, त्या बाईनं फसवून सही घेतली. वाचता येत नाही म्हणू.”

“मला वाचता येतं,” गोठेवाली म्हणाली.

मॅडमनं पेन उचललं.

“लिहा,” गोठेवाली म्हणाली. “मुलगी पंधराची आहे हे मला माहीत होतं. मीच जन्म दिलाय, मला नाही माहीत तर कुणाला? माहीत असून अठरा लिहिलं. कुणी हात धरला नव्हता. चाळीस दिवस दूध ओतून देत होतो, हे कारण आहे; पण खरं ते नाही. खरं म्हणजे माझ्या पोरीला कुणीतरी सुंदर म्हटलं, आणि मला तो लोभ सुटला. हेही लिहा हवं तर.”

“एवढं लिहावं लागत नाही,” मॅडम म्हणाली. पण तिनं लिहिलं. मग कारकुनाला बोलावून तो जबाब मोठ्यानं वाचायला लावला. दार उघडंच होतं. कारकुनानं एकसुरी आवाजात वाचलं, माहीत असून खोटं लिहून दिलं, आणि बाकावरच्या माणसांनी माना वळवून आत बघितलं. गोठेवालीच्या कानशिलांतून आग निघत होती. तिनं सही केली. या वेळी हात थबकला नाही.

पुढचं सगळं फोनवर झालं, आणि चार दिवसांत झालं. मॅडमनं आपल्या वकिलातीला कळवलं, वकिलातीनं तिथल्या पोलिसांना. पंधरा वर्षांच्या मुलीचा करार तिथल्या कायद्यानंही कागदाच्या कपट्याएवढा. त्यात कुणाच्या नावावर काहीही चढत नाही. भर दुपारी एक पोलीस बाई आणि वकिलातीतली एक बाई त्या घराच्या दारावर उभ्या राहिल्या. देखभालीची ताई म्हणाली, इथं अशी कुणी मुलगी नाही. तेव्हा आतल्या खोलीतून कुणीतरी दोन्ही मुठींनी दार वाजवायला लागलं.

“मुलगी आमच्या ताब्यात आहे,” मॅडमनं फोनवर सांगितलं. “सुखरूप आहे. परवा विमानात बसवतोय.”

गोठेवालीनं फोन नवऱ्याच्या हातात दिला, गोठ्यात गेली, सगळ्यात म्हाताऱ्या गायीच्या पोटाला कपाळ टेकवलं आणि मोठ्यानं रडली. गाय रवंथ करत राहिली.

विमानतळ सहा तासांच्या वाटेवर. डेअरीच्या टँकरवाल्यानं दोघांना पुढं बसवून नेलं. काचेच्या दारातून माणसं बाहेर येत होती, ढकलगाड्यांवर बॅगांचे डोंगर घेऊन. शेवटी वकिलातीच्या माणसाबरोबर ती आली. हातात एक प्लास्टिकची पिशवी. अंगावर कुणाचा तरी मोठा स्वेटर.

आईनं मिठी मारली आणि दचकली. पाठीवर हात फिरवला तर मणके एकेक करून हाताला लागत होते. पोरगी रडली नाही. आईच्या केसांत नाक खुपसून तिनं लांब श्वास घेतला.

“गोठ्याचा वास येतो,” ती म्हणाली.

“येतो गं बाई. किती घासलं तरी जात नाही.”

“राहू दे,” ती म्हणाली आणि तशीच उभी राहिली.

टँकरच्या पुढच्या बाकावर तीन माणसं दाटीवाटीनं बसली. बापानं तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले, म्हणजे तिला गुडघे दुमडावे लागणार नाहीत. तासाभरानं ती तोंड उघडं टाकून झोपली. बापाच्या पायाला मुंग्या आल्या, पण घर येईपर्यंत तो हलला नाही.

उपाशी राहिलेल्या जनावरापुढे एकदम पेंडीची पाटी ठेवत नाहीत. गोठेवालीला हे कुणी सांगायला नको होतं, आणि गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. पहिले दोन दिवस वाटीभर पातळ काही, दर दोन तासांनी. मग दूध. मग उकडलेलं अंडं, अर्धं. पोरगी अंड्याकडे बघत राहायची. “यानं किती वाढतं?” असं एकदा विचारून गेली आणि मग स्वतःच खाली बघायला लागली. आई समोर बसायची, दुसरं अर्धं अंडं आपण खायची. शेजारच्या बायका बघायला आल्या तर नवरा फाटकातच उभा राहायचा. “रोगाची साथ आहे,” तो गंभीर तोंडानं सांगायचा. “बघ्यांना होते. आत सोडत नाही.”

बोलणं तुकड्यातुकड्यानं आलं. धार काढताना, चारा टाकताना, कधी पाठमोरी असताना. रोज सकाळी सगळ्यांना काट्यावर उभं करायचे. आकडा वाढला तर त्या दिवशी नुसतं पाणी आणि सफरचंद. फोन त्या ताईच्या समोरच करायचा. खोलीत सहा मुली आणि बिछाने चार. त्यात एक आपल्याच देशातली, डोंगरापलीकडच्या गावची, सगळ्यात लहान. तिला सगळ्या छोटी म्हणायच्या. पोलीस आले त्या दुपारी बाकीच्यांना कामावर नेलं होतं.

“संध्याकाळी जेवणाला न्यायचे,” लेक म्हणाली. ती गायीला खरारा करत होती, हात थांबला नव्हता. “मोठ्या हॉटेलात. तिथं मोठी माणसं असायची. आपण त्यांच्या शेजारी बसून हसायचं. छोटी एकदा जाऊन आली आणि मग दोन दिवस कुणाशी बोलली नाही. फोन केला त्याच्या दुसऱ्या शनिवारी माझी पाळी होती. म्हणून मी ठिपकीचं विचारलं.”

“शनिवारच्या आत आलीस,” आई म्हणाली. तिला आपला आवाज दुरून आल्यासारखा वाटला.

“शुक्रवारी.”

“शुक्रवारी,” आईनं पुन्हा म्हटलं. एवढा एक शब्द पुढं कितीतरी दिवस ती मनातल्या मनात घोळवत राहिली, गार पाण्याचा घोट तोंडात धरून ठेवावा तसा.

बाराव्या दिवशी पोरगी भांडली. कारण काहीच नव्हतं. आईनं कॅन घासून ठेव म्हटलं, आणि तिनं हातातला कॅन अंगणात एवढ्या जोरात फेकला की कोंबड्या उडाल्या.

“तू सही का केलीस?” ती ओरडली. “मला कळत नव्हतं, मी लहान होते! तुला तर कळत होतं! तू का केलीस?”

नवरा मध्ये पडायला आला. गोठेवालीनं त्याला हातानं थांबवलं.

“मला वाटलं, तू खूश होशील,” ती म्हणाली. “आणि मला वाटलं, मीही होईन. मी तुझ्याकडे बघायला हवं होतं, मी त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिले. चुकलं माझं. याला दुसरं नाव नाही.”

पोरगी हमसून हमसून रडली, पाय आपटले, आत जाऊन दार लावून घेतलं. तासाभरानं बाहेर आली, डोळे सुजलेले, आणि म्हणाली, “भूक लागलीय मला.”

स्वतःहून मागितलेलं ते पहिलं जेवण. गोठेवालीनं वाढलं आणि पाठ फिरवून चुलीशी काहीतरी करत राहिली, कारण तिचा चेहरा तिच्या ताब्यात नव्हता.

खोट्या कागदाची शिक्षा व्हायची ती झाली. वर्षभर, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोठ्या ऑफिसात जाऊन हजेरीची सही करायची. कारकून आता तिला बाकावर बसवून ठेवत नाही. कॅमेरेवाल्या बाईच्या ऑफिसला सील लागलं. तिचा खटला चालू आहे, आणि मोठ्या बाईंची साक्ष झाल्यापासून तिच्या वकिलाची बोलती कमी झाली आहे, असं म्हणतात. पोरगी शाळेत जाते. शिडी म्हणणारे आहेत अजून. परवा एकानं म्हटलं, तर ती थांबली, त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं आणि म्हणाली, “काय रे, आवाज खालून कुठून आला?”

त्याच आठवड्यात, धार काढायच्या वेळेला, घरच्या फोनवर अनोळखी नंबर आला. गोठेवालीनं ओल्या हातानं उचलला. पलीकडे एक पुरुष होता, घाबरलेला, भलत्यालाच लागला की काय अशा आवाजात बोलणारा. “मॅडमनं नंबर दिला… ती तुमची मुलगी परत आली ना? माझीही तिकडेच आहे. डोंगरापलीकडून बोलतोय. तिचा तीन आठवडे फोन नाही. ते म्हणतात दुसऱ्या शहरात हलवली…”

“डोंगरापलीकडून? थांबा हं, भाऊ, सांगते,” गोठेवाली म्हणाली. पण सांगायला सुरुवात करायच्या आतच लेकीनं बादली खाली ठेवली, हात फ्रॉकला पुसला आणि पुढे केला.

“दे इकडे. छोटीचे बाबा आहेत ते.”

ती फोन घेऊन गोठ्याच्या दारात उभी राहिली. चौकट तिच्या डोक्याला टेकत होती. पहिल्यांदा तिनं नुसतंच ऐकलं. पलीकडचा माणूस रडत असावा, कारण ती मधूनमधून “हो काका, हो,” असं म्हणत होती, आजारी जनावराला धीर द्यावा तशा आवाजात.

मग तिनं विचारलं, “काका, वय किती तिचं?”

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

“नाही काका, ते कागदावरचं झालं,” ती म्हणाली. “खरं सांगा. तुम्हाला कुणी काही करत नाही. माझी आई सांगून आली, ती ही इथं उभी आहे.”

गायीच्या सडातून एक थेंब गळून गवतात पडला.

“तेरा,” लेकीनं ऐकलेलं मोठ्यानं म्हटलं, आईकडे बघत. “बरं. आता रडू नका. शाळेत तिचा दाखला असेल. कागद-पेन घ्या, मी सांगते तसं लिहा.”